तळाची माती

आमच्या आजीची एक सवय होती. कुठंही पाण्यात बुडी मारायची वेळ आली की ती आधी पोरांच्या नाकाला हात घालायची. प्रवरासंगमावर पर्वणीचं स्नान असो, वस्तीवरच्या विहिरीत पोहणं असो, नाहीतर नुसतं न्हाणीत बसून डोक्यावर तांब्या ओतून घेणं असो, "नाक धर, पोरा" हे तिच्या तोंडून आलंच म्हणून समजा. पोरानं ऐकलं नाही तर ती स्वतःच्या अंगठ्यानं आणि बोटानं नाक असं आवळायची की डोळ्यांतून पाणी यायचं. त्या बोटांना करडईच्या तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. आज माझं वय एकोणसत्तर. अजूनही आंघोळीला बसलो की तो वास येतो.

माझं आजोळ शिंगणापूरचं. शनीचं शिंगणापूर, तालुका नेवासा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या पिढीच्या तोंडी नगरच बसलंय. आता तिथं रुंद रस्ते आहेत, गाड्यांच्या रांगा आहेत, तेलाच्या आणि रुईच्या माळांच्या दुकानांची ओळ आहे. माझ्या लहानपणी घोडेगावला एसटीतून उतरायचं आणि पुढं पायी, किंवा मामानं पाठवलेल्या बैलगाडीत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई आम्हा भावंडांना घेऊन निघायची. एका पिशवीत कपडे, दुसऱ्या पिशवीत आजीसाठी काहीबाही. वाटेत बाभळीच्या सावलीला बसून दशमी आणि लसणाची चटणी खायची. ती चटणी मी नंतर कितीदा करून पाहिली, तशी होत नाही.

तिथल्या घरांना दारं नसायची ही गोष्ट बाहेरच्यांना नवलाची वाटते. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही, कारण आम्ही तेच बघत वाढलो. आजीच्या घराला चौकट होती, कवाड नव्हतं. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावायची, बस. दागिना म्हणावा असं जे काही होतं ते ज्वारीच्या कणगीत नाहीतर उतरंडीच्या तळच्या मडक्यात. "राखणारा बाहेर बसलाय," असं आजी म्हणायची आणि शनिदेवाच्या चौथऱ्याच्या दिशेनं हात जोडायची. तिनं हात जोडले ते कायम खालूनच. बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नाही अशी तेव्हाची रीत. २०१६ च्या पाडव्याला तो चौथरा बायकांना खुला झाला, तेव्हा आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्या दिवशी ती असती तर वर चढली असती का, हे मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "चढली नसती. पण बघायला नक्की गेली असती."

शनिदेवाची गोष्ट आम्ही आजोबांकडून ऐकली. ते ती उन्हाळ्यात रात्री अंगणात, बाजेवर पडून सांगायचे आणि दर वर्षी तिच्यात थोडा फरक पडायचा. पूर आला, पानसनाल्यातून काळी शिळा वाहत आली, बोरीच्या झाडाला अडकली. गुराख्यानं काठी टोचली तर शिळेतून रक्त आलं. गाव घाबरलं. रात्री एकाच्या स्वप्नात देव आला. मग गावकरी शिळा उचलायला गेले, पण ती हलेना. पुन्हा स्वप्न पडलं. देव म्हणाला, सख्खे मामा-भाचे असतील तर त्यांच्या हातानंच मी उठेन. मामा-भाच्यांनी हात लावला आणि शिळा फुलासारखी उचलली गेली. काही जण सांगतात की बैलसुद्धा काळे आणि मामा-भाचे नात्याचेच होते. आजोबांच्या गोष्टीत बैल कधी असायचे, कधी नसायचे. डोक्यावर छप्पर नको, आभाळच माझं छत्र, असं देव म्हणाला, इथं गोष्ट संपायची आणि आजोबा विडी पेटवायचे.

मी भाचा. त्यामुळं या गोष्टीत मला माझी जागा सापडलेली होती. एकदा मी विचारलं, "आबा, मी कोणत्या मामासंगं उचलायची शिळा? थोरल्या का मधल्या?" आणि पुढं म्हणालो, "धाकट्या मामासंगं बरी उचलली असती, आमचं वय जुळलं असतं."

अंगण गप्प झालं. आजी उठून आत गेली. आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. मला धाकटा मामा होता आणि तो गेला, एवढंच कानावर आलं होतं. बाकीची हकीकत पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तुकड्यातुकड्यानं हाती आली. काही आईकडून, काही मावशीकडून, थोडी मधल्या मामांकडून. ते तुकडे एकमेकांत नीट बसतही नाहीत. तुमच्या घरातही अशी एखादी गोष्ट असेल. लग्नकार्यात, रात्री बायका करंज्या भरायला बसल्या की तिचा एक कोपरा दिसतो, आणि कुणीतरी "जाऊ दे आता" म्हटलं की ती पुन्हा झाकली जाते.

धाकटा दहा-अकरा वर्षांचा होता. साल बहुधा १९५३ चं, कारण आईचं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं आणि ते साधेपणानं करावं लागलं, हे तिला पक्कं आठवायचं. मुळा धरणाचं पाणी यायला अजून वेळ होता. सगळी भिस्त विहिरींवर. आमच्या मळ्यातली विहीर दगडी, मोटेची. थारोळं, त्यातून निघणारा पाट, बैलांची धाव, सगळं मी पाहिलंय, मोट हाकताना आजोबा गाणं म्हणायचे तेही ऐकलंय. चैत्र निम्मा सरला की पाणी तळाला जायचं. पावसाळ्यात जिथं दोन परस पाणी असायचं तिथं पुरुषभर उरायचं, तेही हिरवट, आणि दुपारच्या वेळी वरून कोमट.

याच पाण्यात गावातली पोरं पोहायला शिकायची. कमरेला कासरा बांधून वरून सोडायचं, पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा. चार दिवसांनी कासरा सुटायचा, आठ दिवसांनी भोपळा सुटायचा. मग काठावरून मुटका, सूर, आणि शेवटी खरी परीक्षा म्हणजे बुडी मारून तळाची माती आणायची. मूठ वर करून दाखवायची. मुठीतून काळा गाळ ओघळला तर पोरगं पास. ही पैज मीही मारलीय. तळाशी गेलं की कानात दडे बसतात, हाताला गार चिखल लागतो आणि वर येताना श्वास पुरत नाही. शेवटच्या हातभर अंतरात नाकातून पाणी शिरतं, कपाळाच्या आत सुई टोचल्यासारखी कळ येते. काठावर बसून नाक शिंकरायचं की पुन्हा उडी.

धाकट्यानं हनुमान जयंतीच्या सुमारास अशीच माती आणली. एकदा नाही, त्या दिवशी पाच-सहा वेळा. मधले मामा काठावर होते. ते सांगायचे, तो वर आला तेव्हा दोन्ही मुठी गाळानं भरलेल्या होत्या आणि नाकातून पाणी गळत होतं. "मस्तकात झिणझिण्या आल्या रं," म्हणाला आणि हसला. मामा ऐंशीच्या घरात पोचले तरी हे सांगताना दोन्ही मुठी आवळून वर धरायचे.

पुढं पाचव्या की आठव्या दिवशी, इथं आई आणि मावशी यांचं एकमत नाही, त्याचं डोकं दुखायला लागलं. ऊन लागलं असेल म्हणून आजीनं कांदा फोडून टाळूवर ठेवला, कैरी भाजून पन्हं दिलं. रात्री ताप चढला. सकाळी ओकाऱ्या. आजीनं हुलग्याचं माडगं केलं, वरून लसणाची फोडणी. त्या फोडणीचा ठसका शेजारच्या घरापर्यंत जायचा. धाकट्यानं वाटी तोंडाशी नेली आणि म्हणाला, "आये, याला वासच नाही."

आजी हे वाक्य शेवटपर्यंत सांगायची. बाकीचं विसरली तरी हे विसरली नाही.

तिसऱ्या दिवशी मान धरली. उजेड सोसेना म्हणून चौकटीला घोंगडी लावली. त्या घराला पहिल्यांदाच आडोसा केला तो असा. पोर बरळायला लागलं, आईला ओळखेना. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, उतारा टाकला, कुणी सांगितलं तो लेप लावला. मग पहाटे गाडी जुंपून नगरची वाट धरली. पांढरीच्या पुलापाशी, घाट चढायच्या आधीच, आजोबांनी बैल वळवले.

त्या वर्षी आखितीला आमच्या आजोळी पोळी झाली नाही.

पण खरं दुःख त्याच्यापुढचं होतं. गावात ज्याला-त्याला कारण सापडलं. कुणी म्हणालं बाहेरचं झालं, कुणी म्हणालं विहिरीतल्या आसरांनी नेला. आजीनं मात्र कारण स्वतःजवळच शोधलं. आदल्या शनिवारी तिनं धाकट्याच्या हाती देवाला तेल पाठवलं होतं. वाटेत त्यानं त्यातलं थोडं आपल्या खेळण्यातल्या गाड्याच्या चाकाला लावलं. चाक कुरकुरत होतं म्हणून. हे आजीला दुसऱ्या पोरानं सांगितलं, आणि तिनं ते हसण्यावारी नेलं. नंतर तिला वाटत राहिलं, आपण तेव्हा रागवायला हवं होतं, नवं तेल घेऊन स्वतः जायला हवं होतं. आजोबा तिला सांगून थकले, "अगं, पोराच्या चाकाला लागलेल्या तेलाचा हिशेब देव ठेवत नसतो." ती मान हलवायची आणि शनिवारी दुप्पट तेल पाठवायची. जवळजवळ तीस वर्षं.

आजी अडाणी नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. तिच्या डाव्या पोटरीवर एक वेडावाकडा वण होता, नारूचा. तिचं माहेर पैठणकडचं, पायऱ्यांच्या बारवेवर पाणी भरणारं गाव. नारू म्हणजे काय ते आता तरुणांना ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याचा मला आनंद आहे. आधी फोड यायचा, तो फुटला की त्यातून शेवयीएवढा पांढरा किडा डोकावायचा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, दोन-अडीच फूट, कधी त्याहून लांब. मध्येच तुटला तर पाय सडायचा. फोड झालेला पाय बारवेत बुडवला की किड्याची पिलं पाण्यात, तिथून ती बारीक पिसवांच्या पोटात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायात वर्षभरानं नवा नारू. आजीला पिसवांचं काही माहीत नव्हतं. पण तिच्या सासूनं शिकवलं होतं म्हणून ती लुगड्याचा पदर दुहेरी करून त्यातूनच घागर भरायची, आमच्या लहानपणीही. पुढं सरकारी माणसं गावोगाव तेच सांगत फिरली: फडक्यातून पाणी गाळा, बारवेच्या पायऱ्या बंद करा. देशातला शेवटचा नारू १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत त्यातून मोकळा झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. हजारो वर्षांचा रोग असा फडक्यानं गेला. कारण तो कुठून येतो ते कळलं होतं.

धाकट्याला जे झालं ते कुठून आलं हे कुणालाच कळलं नाही.

मध्ये सत्तर वर्षं गेली. २०२५ च्या पावसाळ्यात केरळातल्या बातम्या यायला लागल्या. मेंदू खाणारा अमीबा, असं मोठ्या अक्षरात. मला तो मथळा आवडला नाही, भीतीच घालणारा. पण वाचत गेलो. कोझिकोडकडची नऊ वर्षांची मुलगी गेली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्या एका राज्यात त्या वर्षात ६९ जणांना लागण आणि १९ मृत्यू. सरकारनं गावोगावच्या विहिरींत क्लोरीन टाकायची मोहीम काढली. आणि एका बातमीत लक्षणं दिली होती: डोकेदुखी, ताप, ओकारी, ताठलेली मान, उजेड न सोसणं, बरळणं. काहींना सुरुवातीला वास आणि चव बदलल्यासारखी वाटते.

मी चष्मा काढून ठेवला. मग पुण्याला भाच्याला फोन लावला. माझ्या बहिणीचा मुलगा डॉक्टर आहे. मी मामा झालो त्यालाही आता चाळीस वर्षं होऊन गेली.

"मामा, घाबरू नका," तो आधी म्हणाला. त्याला वाटलं मी कुठं पोहून आलो. मग मी विचारलं, वासाचं काय असतं? त्यानं समजावून सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत, जमेल तसं, लिहितो.

या अमीबाचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. तो डोळ्यांना दिसत नाही. गोड्या पाण्यात, तळाच्या गाळात राहतो, तिथले जंतू खातो. माणसाशी त्याचं काही देणंघेणं नाही. पाणी जितकं कोमट तितका तो वाढतो, ४६ अंशांपर्यंतची उष्णता त्याला मानवते. ते पाणी पिलं तर काही होत नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मात्र पाणी जोरानं नाकात गेलं, फार वर गेलं, तर क्वचित कधी तो तिथं चिकटतो. नाकाच्या छताला एक पातळ हाड आहे, चाळणीसारखं बारीक भोकांचं. वासाच्या नसेचे धागे त्या भोकांतून वर मेंदूत जातात. अमीबा त्याच धाग्यांना धरून चढतो. "म्हणजे मामा, तो आधी वासाच्याच वाटेवर असतो," भाचा म्हणाला. "म्हणून कुणाकुणाचा वास आधी बिघडतो."

मी बराच वेळ बोललो नाही. बिनकवाडाच्या घरात वाढलेलं पोर आणि त्याच्या डोक्यातलं ते चाळणीचं हाड, दोन्ही डोळ्यांपुढं आलं.

मग मी त्याला धाकट्याची गोष्ट सांगितली. त्यानं ती कधी ऐकली नव्हती, म्हणजे आमच्या पिढीनंही "जाऊ दे आता" म्हणून झाकलीच होती. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, दिवस विचारले, कोणतं आधी आणि कोणतं नंतर ते विचारलं. पाण्याशी संबंध आल्यावर साधारण बारा दिवसांच्या आत लक्षणं दिसतात आणि नंतर आठवडाभरातच बहुतेक रुग्ण दगावतात, असं म्हणाला. जुळतंय, पण एवढ्यावरून ठरत नाही, हेही त्यानं स्वच्छ सांगितलं. साध्या सर्दीनंही वास जातो. मेंदूज्वराची कारणं कितीतरी. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत अमीबा हलताना दिसला तर ओळख पटते, पण १९५३ मध्ये ते बघणारं कुणी नव्हतं.

नुसतं आपल्याकडंच नव्हे, कुठंच नव्हतं. हे मला भाच्यानं पाठवलेलं वाचून कळलं आणि त्यानंच मी सर्वांत जास्त हललो. दक्षिण ऑस्ट्रेलियात माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर यांनी १९६५ मध्ये या रोगाचं पहिलं वर्णन छापलं. फाउलरांचंच नाव पुढं त्या अमीबाला मिळालं. त्या कोरड्या मुलखात लांबच्या नदीचं पाणी जमिनीवरून टाकलेल्या नळांतून येई आणि वाटेत उन्हानं तापे. आमच्या नगरकडं एप्रिलच्या दुपारी नळ सोडला की हात भाजतो, ते ज्यानं अनुभवलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. त्याच सुमारास, १९६२ ते १९६५ मध्ये, चेकोस्लोव्हाकियातल्या उस्ती नाद लाबेम या शहरात एकाच पोहण्याच्या तलावात पोहलेले सोळा तरुण गेले होते आणि कारण मागाहून उमगलं. भारतातल्या दोन मुलांची नोंद छापून आली ती १९७१ मध्ये. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात डॉक्टरांनी जुन्या शवविच्छेदनातले जपून ठेवलेले मेंदूचे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा १९३७ मध्ये गेलेल्या एका रुग्णाला हाच रोग होता असं निघालं. म्हणजे कुणाला तरी तीसएक वर्षांनी का होईना, कारण मिळालं. त्याची आई तेव्हा हयात असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आमच्या धाकट्याचं जपून ठेवलेलं काहीच नाही. एक फोटो नाही. आजीची एक वाटी आहे, पितळेची, तिच्यात त्यानं शेवटचं माडगं घेतलं. ती मावशीकडं होती, आता कुठं आहे कोण जाणे.

हा रोग फार विरळा आहे. आपल्या विहिरींत, कालव्यांत, नद्यांत पिढ्यान्पिढ्या पोरं डुंबत आलीत, माती काढत आलीत आणि ठणठणीत राहिलीत. अमेरिकेत १९६२ पासून २०२४ पर्यंत १६७ जणांना झाला, त्यांतले चार वाचले. या दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवायला जड जातात. पण आता थोडी आशा आहे. २०२४ च्या जुलैत कोझिकोडकडचा चौदा वर्षांचा मुलगा वाचला, कारण घरच्यांनी पोहण्याचं लगेच सांगितलं आणि डॉक्टरांनी वेळ न दवडता औषधं सुरू केली. त्या औषधांत मिल्टेफोसिन नावाचं एक आहे, एरवी काळ्या आजारावर देतात ते. भाचा म्हणाला, "मामा, सगळ्यात मोठी मदत घरच्यांची असते. ताप आणि डोकेदुखी घेऊन पोरगं आलं की आम्हाला सांगायचं, हे गेल्या आठवड्यात विहिरीत पोहलं होतं. तेवढं एक वाक्य."

आणि हो, माझ्यासोबत सकाळी योगाला येणाऱ्या मंडळींसाठी हेही लिहून ठेवतो. जलनेती करणाऱ्यांनी उकळून गार केलेलंच पाणी नाकात घ्यावं, थेट नळाचं नको. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्यानं नेती केलेले दोघे याच रोगानं गेले.

२०२५ च्याच नोव्हेंबरात आणखी एक बातमी वाचली. शबरीमलेला जाणाऱ्या भाविकांसाठी कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं सूचना काढली होती, की स्नान करताना नाकात पाणी जाऊ देऊ नका, नाक घट्ट धरा. मी ती दोनदा वाचली. नाक धर, पोरा. सरकारी भाषेत आमची आजीच बोलत होती.

तिनं ही सवय धाकट्यानंतर लावून घेतली, असं आई सांगायची. त्याच्या आधी ती पोरांना असं काही म्हणत नसे. मधल्या मामांनी तिला सांगितलं होतं ना, नाकातून पाणी गळत होतं म्हणून. गाव आसरांकडं बोट दाखवत होतं, ती स्वतः तेलाच्या हिशेबात अडकली होती, आणि तरी तिच्या मनात कुठंतरी ते नाकातलं पाणी राहिलं होतं. कुणापाशी बोलली नाही. बोलायला शब्दही नव्हता. बोटांनी बोलली. आमच्या पाच-सहा भावंडांची नाकं तिनं आयुष्यभर धरली.

तिला मी एवढंच सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं, की आजी, तेलामुळं नसेल गं. चाकाला लागलेल्या चार थेंबांमुळं नसेल. खात्रीनं मलाही सांगता येत नाही, पण दुसरं एक कारण असू शकतं, आणि त्यात तुझा दोष नाही, पोराचा नाही, देवाचा तर नाहीच. "असू शकतं" एवढ्यावरही तिला त्या शनिवारी झोप लागली असती.

गेल्या पाडव्याला भाचा सुट्टी काढून आला. म्हणाला, मामा, चला, मला ती विहीर बघायचीय. मळ्याची वाटणी झाली, विहीर आता चुलत मामांकडं आहे. थारोळं मोडलंय, धावेवर शेवग्याची झाडं लावलीत, पाण्यात मोटारीचा नळ सोडलाय. पाणी तळाला होतं, हिरवट. आम्ही काठावर उभे राहिलो. त्यानं खाली वाकून बघितलं आणि डॉक्टर असून काही बोलला नाही. मग चौथऱ्यावर गेलो. गर्दी खूप होती. पाडवा म्हणजे कावडीनं गोदावरीचं पाणी आणून देवाला स्नान घालायचा दिवस. रांगेतून सरकत आम्ही दोघांनी मिळून एकाच बाटलीतलं तेल वाहिलं, मामानं आणि भाच्यानं. शिळा ऊन खाऊन तापली होती.

परतताना प्रवरासंगमाला थांबलो. जायकवाडीचं पाणी मागं सरलेलं, पात्र उघडं पडलेलं, घाटाच्या खालच्या पायऱ्यांशी थोडं पाणी होतं. भाचा म्हणाला, एक बुडी मारूया, आजीच्या नावानं. आम्ही कंबरभर पाण्यात उतरलो. पाणी कोमट होतं. तो खाली बसायला वाकला आणि माझा हात आपोआप पुढं गेला. चाळिशी ओलांडलेल्या डॉक्टराचं नाक मी अंगठ्यानं आणि बोटानं घट्ट धरलं. त्यानं सोडवून घेतलं नाही. तसाच, माझ्या हाताखाली, बुडी मारून वर आला.